एका स्वाध्यायाचे संदर्भ

१९९४ साली गणेशोत्सवाच्या सुटीनंतर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात, एम. ए. भाग एकच्या इंग्रजीच्या वर्गात, दहा विद्यार्थ्यांचे स्वाध्याय एकाच सुतळीने बांधून परत देण्यात आले. विषय होता हॅम्लेटची दिरंगाई. पित्याच्या खुनाचा सूड घेण्याची शपथ वाहिलेला राजपुत्र प्रत्यक्ष कृती लांबणीवर का टाकत राहतो, या फार जुन्या प्रश्नाचे उत्तर दहाही जणांनी सारख्याच शब्दांत दिले होते. इतकेच काय, गाईडमध्ये छपाईची जी एक चूक राहून गेली होती, तीही दहाही ठिकाणी इमानेइतबारे उतरली होती. विभागप्रमुख रागावले नाहीत. "यातला एक मी वाचला, उरलेले वाचण्याची गरज पडली नाही," एवढे म्हणून त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दिवाळीपूर्वी तोच विषय पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. गाईड चालणार नाही, संदर्भ किमान पाच हवेत, आणि त्यांची नोंद एम. एल. ए. पद्धतीने हवी. या शेवटच्या अटीने वर्गात कुजबुज झाली, कारण त्या तालुक्यात एम. एल. ए. म्हणजे आमदार, आणि आमदारांचा शेक्सपिअरशी काय संबंध, हे कुणाच्या ध्यानात येईना. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन नावाची एक संस्था अमेरिकेत आहे आणि संदर्भ कसे द्यावेत याचे ती एक पुस्तक काढते, हा खुलासा पुढच्या तासाला झाला.

त्या गठ्ठ्यात जवळच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थिनीचा स्वाध्याय होता. तिचे पदवीपर्यंतचे शिक्षण त्याच महाविद्यालयात झालेले, शाळा अर्थातच मराठी माध्यमाची, आणि घरातून महाविद्यालयात पोहोचलेली ती पहिलीच. तिच्या समजुतीप्रमाणे तिने उतरवले नव्हते, अभ्यास केला होता. गाईड तीनदा वाचले होते, कठीण शब्दांचे अर्थ समासात लिहिले होते, परिच्छेद पाठ होईपर्यंत म्हटले होते. ज्या कष्टांना आपण आजवर अभ्यास म्हणत आलो, त्यांना दुसरेच नाव आहे, हे तिला त्या सुतळीने सांगितले. गुण गेल्याचे दुःख तिला झाले नाही. पदवीच्या तीन वर्षांत मिळालेल्या गुणांविषयीच मनात शंका आली, आणि ती अधिक बोचरी होती. या खेपेस खरे संदर्भ शोधून लिहायचे, ते न जमल्यास एम. ए.चा नाद सोडायचा, असे तिने ठरवले. घरी यातले काही सांगितले नाही.

महाविद्यालयाचे ग्रंथालय पहिल्या मजल्यावर होते. तालुक्याच्या ठिकाणी त्या काळी असत तसेच ते होते: दाराशी लाकडी काउंटर, त्याच्या आत कपाटांच्या रांगा, आणि त्या रांगांपर्यंत विद्यार्थ्यास प्रवेश नाही. बाहेर तालिकेची खणांची पेटी. लेखक, शीर्षक किंवा विषय यांनुसार लावलेल्या पत्रांतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा, बी.टी. कार्डासह चिठ्ठी आत द्यायची आणि वाट पाहायची. ग्रंथ वापरासाठी असतात, आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे काम आहे, असे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले होते. ती सूत्रे चौकट करून याच काउंटरच्या वर टांगलेली होती. बंद कपाटांची पद्धत ग्रंथ सांभाळते हे खरे. परंतु एका ग्रंथाकडे जाताना त्याच्या शेजारच्या ग्रंथावर नजर पडते आणि कित्येकदा शेजारचाच ग्रंथ कामाचा निघतो, ही संधी ती पद्धत वाचकाला देत नाही. ज्याला नेमके काय हवे हे आधीच ठाऊक आहे, त्याच्याच ती सोयीची. पहिला संदर्भ शोधणाऱ्याला तर तेच ठाऊक नसते.

पहिल्या आठवड्यात तिने दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक परत आल्या. शेक्सपिअरच्या क्रमांकाखाली, म्हणजे ड्यूई दशांश पद्धतीतील ८२२.३३ खाली, तालिकेत पत्रे पुष्कळ होती. प्रत्यक्षात हाती आली ती व्हेरिटीची टिपांसहित आवृत्ती आणि जॉन जंप यांनी १९६८ मध्ये संपादित केलेले हॅम्लेटवरील समीक्षेचे संकलन. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४ च्या 'शेक्सपिअरियन ट्रॅजेडी' या ग्रंथाच्या दोन प्रती नोंदवहीत होत्या. एकीसमोर तांबड्या शाईने 'गहाळ' असा शेरा होता. दुसरी १९८७ पासून एका प्राध्यापकांच्या नावावर होती. प्राध्यापकांकडून पुस्तक मागवण्याची पद्धत ग्रंथालयात नव्हती आणि विद्यार्थिनीने ते जाऊन मागावे, ही कल्पनाही कुणाला सुचण्यासारखी नव्हती.

जंप यांच्या संकलनाचा खरा उपयोग तिला त्याच्या शेवटच्या पानांवर झाला. तिथे पुढील वाचनासाठी ग्रंथांची निवडक यादी होती. एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाचा पत्ता देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि अशा रीतीने विषयाभोवतीची वस्ती हळूहळू ओळखीची होते, हे तिला कुणी शिकवले नव्हते. पदव्युत्तर वर्गातही हे क्वचितच शिकवले जाते. अभ्यासक्रमपत्रिकेच्या अखेरीस संदर्भग्रंथांची यादी छापलेली असते. ती बहुधा मागील पत्रिकेतून जशीच्या तशी पुढे आलेली असते, आणि त्यातील किती ग्रंथ आपल्या ग्रंथालयात आहेत हे पडताळून पाहणारे अभ्यासमंडळ विरळाच. गाईडवर तुटून पडणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देताना ही बाजूही ध्यानात घ्यावयास हवी, कारण गाईड बसस्थानकासमोरच्या दुकानात मिळते, आणि पहिल्याच दिवशी मिळते.

प्राचार्यांचे पत्र घेऊन ती दोनदा कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आली. तिथे ब्रॅडली होता, आणि डोव्हर विल्सन यांचा १९३५ चा 'व्हॉट हॅपन्स इन हॅम्लेट' हा ग्रंथही. झेरॉक्स परवडण्यासारखी नव्हती, म्हणून तिने जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर टिपणे काढली. दिरंगाईविषयीच्या एकेका उपपत्तीचा ब्रॅडली क्रमाने समाचार घेतो. बाह्य अडचणी, सदसद्विवेकाची टोचणी, गटेला दिसलेला सुकुमार मनाचा राजपुत्र, कोलरिजला दिसलेला अतिविचाराने कृतिशून्य झालेला हॅम्लेट, ही सर्व कारणे तो अपुरी ठरवतो आणि अखेर खोल, जवळजवळ रोगाच्या सीमेवर पोहोचलेल्या खिन्नतेपाशी येऊन थांबतो. हे वाचीत असता तिला काही ओळी ओळखीच्या वाटू लागल्या. सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यातील तो परिच्छेद मुळात इथला होता. मधल्या कुण्या लेखकाने तो आखडता केला होता, गाईडकाराने त्यातले 'जवळजवळ', 'बहुधा' यांसारखे शब्द गाळून तो ठाम केला होता, आणि दहा जणांनी तो ठाम स्वरूपातच आपल्या नावावर मांडला होता. मुळात जो एका समीक्षकाने शंका घेत घेत गाठलेला निष्कर्ष होता, तो तीन हातांतून फिरता फिरता परीक्षेचे उत्तर बनला होता. उतरवण्यात अप्रामाणिकपणा आहे हे तिला वर्गात कळले होते. उतरवताना मूळ विचाराची शंका हरवते, हे मात्र कोल्हापूरला कळले.

तरीही संदर्भ चारच झाले. पाचव्यासाठी ती पुन्हा महाविद्यालयाच्या काउंटरपाशी आली.

काउंटरच्या आत ग्रंथ काढून देण्याचे काम एक परिचर करीत. सगळे त्यांना मामा म्हणत. सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरे जेमतेम लागणारे. क्रमांक मात्र ते अचूक वाचीत आणि कित्येक पुस्तके त्यांना पुठ्ठ्याच्या रंगावरून ठाऊक होती. त्या दिवशी तिच्या तीन चिठ्ठ्या 'नाही' म्हणून परत आल्या. चौथ्या चिठ्ठीवर तिने क्रमांक लिहिलाच नाही. कंटाळून, मराठीत, एवढेच लिहिले: 'हॅम्लेट. कोणतेही.'

मामांनी चिठ्ठी वाचली, ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने एक जुने, पाठीवर कापडी पट्टी लावलेले पुस्तक घेऊन आले. गोपाळ गणेश आगरकरांचे १८८३ सालचे 'विकारविलसित', म्हणजे हॅम्लेटचे मराठी भाषांतर.

"हे दवाखान्याच्या कपाटात असतंय, बाई," मामा म्हणाले. "आकडा रोगांचा हाय. पर आत नाटक हाय, म्या बघितलंय."

पुस्तकाच्या पाठीवर खरोखरच ६१६ हा क्रमांक होता. ड्यूई पद्धतीत ते रोगांचे स्थान. कधीतरी कुणीतरी शीर्षकातील 'विकार' हा शब्द पाहून, आत न डोकावता, आगरकरांना हृदयविकार आणि मधुमेह यांच्या शेजारी नेऊन बसवले होते. तालिकेतही तीच नोंद होती. म्हणजे शेक्सपिअरच्या पत्रांत शोधणाऱ्याला ते सापडणे अशक्य, आणि मराठी नाटकांत, ८९१.४६२ खाली, शोधणाऱ्यालाही अशक्य. वास्तविक ड्यूईच्या नियमाप्रमाणे भाषांतर मूळ कृतीजवळ ठेवावयाचे असते. त्या न्यायाने 'विकारविलसित'ची जागा ८२२.३३ मध्ये, व्हेरिटीच्या शेजारी. मराठी ग्रंथांसाठी कपाटांची वेगळी रांग राखण्याच्या प्रघातामुळे अनेक ठिकाणी तसे होत नाही, आणि इंग्रजीचा विद्यार्थी मराठीच्या रांगेकडे जात नाही, मराठीचा इंग्रजीच्या. इथे तर पुस्तक दोन्ही रांगांतून हद्दपार झाले होते. त्याचा खरा पत्ता फक्त मामांच्या स्मरणात होता, आणि तो मिळायला चिठ्ठी मराठीत लिहिलेली असावी लागली.

पुस्तकातील तारीखपत्रकावर त्यापूर्वीचा शिक्का १९६१ चा होता.

आगरकर तिला पाठ्यपुस्तकातील सुधारक म्हणून ठाऊक होते. त्यांचा जन्म कराडजवळच्या टेंभूचा, म्हणजे तिच्या गावापासून फार दूर नसलेल्या ठिकाणचा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळकांसमवेत त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचे हॅम्लेट प्रसिद्ध झाले, ही जुळणी तिच्या लक्षात प्रथमच आली. हॅम्लेट शिकवताना वर्गात त्यांचे नाव निघाले नव्हते, आणि मराठीच्या वर्गात आगरकर शिकवताना हॅम्लेटचे नाव एका ओळीपुरते आले होते. पुढे तिने मराठी विभागाच्या कपाटातील शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडली. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांच्या या नोंदी एका माणसाच्या अपार कष्टांतून उभ्या राहिल्या आहेत. तिथून, आणि नाट्यवाङ्मयाच्या इतिहासांतून, एक रांगच तिच्यासमोर उभी राहिली: महादेवशास्त्री कोल्हटकरांचे १८६७ चे ऑथेल्लोचे भाषांतर, देवलांचा १८९० चा 'झुंझारराव', वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका'. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट पाहण्यासाठी एके काळी मराठी प्रेक्षक गर्दी करीत होता, हेही तिला तिथेच कळले. ज्या नाटककाराला ती दोन वर्षे परकीय म्हणून घाबरत आली होती, तो तिच्या भाषेत शंभरावर वर्षे वावरत होता.

परंतु स्वाध्यायाच्या दृष्टीने मोलाचे ठरले ते पुस्तकाचे शीर्षक. आगरकरांनी नायकाच्या नावावरून नाव दिले नाही, सूडावरून दिले नाही, विचारावरूनही दिले नाही. त्यांनी 'विकार' हा शब्द निवडला. त्या काळच्या मराठीत मनोविकार म्हणजे राग, लोभ, शोक, मत्सर यांसारख्या मनाला हलवून सोडणाऱ्या वृत्ती, आणि विलसित म्हणजे त्यांचा खेळ, त्यांचे प्रकटणे. हॅम्लेट अतिविचाराने थांबला असे कोलरिज सांगतो. आगरकरांचे शीर्षक वाचकाचे लक्ष विचाराकडून विकाराकडे वळवते. ब्रॅडलीचे खिन्नतेचे विवेचन त्यानंतर एकवीस वर्षांनी आले. आगरकरांनी ब्रॅडलीच्या आधी तेच सांगितले, असा दावा करण्याचा मोह तिला झाला. पहिल्या कच्च्या मसुद्यात तो दावा होताही. नंतर तिने तो खोडला. एका शीर्षकावरून एवढे सिद्ध होत नाही आणि खिन्नता हा विकारांतील एक, सर्व विकार नव्हेत, हे तिला ब्रॅडलीच्याच 'बहुधा' आणि 'जवळजवळ' यांनी शिकवले होते. अंतिम मसुद्यात तिने एवढेच म्हटले की, भाषांतरकाराने दिलेले शीर्षक ही त्याची नाटकाविषयीची समजूत असते, आणि समजूत म्हणून ती समीक्षेइतकीच विचारात घेतली पाहिजे. वर्गीकरण करणाऱ्याची चूकही, खरे तर, अगदीच निराधार नव्हती. ब्रॅडलीने ज्या खिन्नतेला रोगाच्या सीमेवर नेले, तिच्या शेजारी कुणी ६१६ हा आकडा लिहिलाच, तर त्यात थोडे तथ्य निघेल.

स्वाध्याय दिवाळीच्या चार दिवस आधी दिला गेला. संदर्भयादीतील आगरकरांच्या नोंदीसमोर विभागप्रमुखांनी तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले होते. इंग्रजीच्या स्वाध्यायात मराठी ग्रंथ संदर्भ म्हणून कसा चालेल, असा त्यांचा आक्षेप होता. तो सरसकट फेटाळण्यासारखा नव्हता. भाषांतर हे मूळ नाटकाचे स्वागत कसे झाले याचा पुरावा असते, मूळ नाटकाच्या अर्थाचा पुरावा असेलच असे नाही, हे त्यांचे म्हणणे आजही कुणी तौलनिक अभ्यासक गंभीरपणे मांडील. तिने तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. त्या वर्गात तशी रीत नव्हती. वीसपैकी चौदा गुण मिळाले. वर्ग सुटल्यावर मात्र विभागप्रमुखांनी तिला थांबवून विचारले, "ते पुस्तक आहे कुठे आपल्याकडे?" आणि तिने परत केलेले 'विकारविलसित' त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या नावावर घेतले.

ते परत आले २००१ मध्ये. निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयाकडून ना-देणे दाखला मिळाल्याखेरीज कागदपत्रे पुढे सरकत नाहीत, म्हणून तीन पिशव्या भरून पुस्तके काउंटरवर आली, आणि त्यांत आगरकरांच्या जोडीला १९८७ पासून बाहेर असलेला ब्रॅडलीही होता. हे तिला मामांनी सांगितले. सांगताना ते हसत होते.

ती विद्यार्थिनी गेली कित्येक वर्षे त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. २०१० मध्ये एन-लिस्ट योजना सुरू झाल्यापासून हजारो इंग्रजी नियतकालिके आणि ग्रंथ महाविद्यालयांना संगणकावर उपलब्ध झाले, आणि १९९४ मध्ये ज्या पाच संदर्भांसाठी दोन वेळा कोल्हापूर गाठावे लागले होते, ते आता दहा मिनिटांत जमतात. तिच्याकडे येणारे स्वाध्याय तरीही पुष्कळदा एकमेकांसारखेच असतात. फरक इतकाच की ते ई-मेलने येतात आणि सुतळी वापरता येत नाही. यादीत संदर्भ पंधरा असतात. त्यांतील कोणता उघडून पाहिला, असे विचारले की मुले खाली पाहतात. ती रागावत नाही. त्या पंधरांपैकी एकाचे शेवटचे पान उघडायला लावते आणि तेथील यादीतून पुढचे एक नाव शोधून आणायला सांगते. सर्व जण आणतात असे नाही.

अलीकडे एका तुकडीला तिने हॅम्लेटच दिले आणि दोघींना मुद्दाम आपल्या जुन्या महाविद्यालयात आगरकर शोधायला पाठवले. मामा आता तिथे नाहीत. कपाटे खुली झाली आहेत, तालिका संगणकावर आहे. मुलींनी हॅम्लेट हा शब्द रोमन लिपीत टाकून पाहिला. इंग्रजी पुस्तके आली, आगरकर आले नाहीत. देवनागरीत टाकला. 'हॅम्लेट', 'हॅमलेट', 'ह्याम्लेट', एकानेही काम झाले नाही, कारण संगणकात मराठी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत भरली होती, तीही भरणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे. अखेर 'विकार' एवढाच शब्द रोमन लिपीत दोन प्रकारे लिहून पाहिल्यावर नोंद सापडली. जुन्या नोंदवहीतील आकडे संगणकात भरताना जसेच्या तसे उचलले गेले होते. विषय: वैद्यक. क्रमांक: ६१६.

पुस्तक मधुमेहावरील एका पुस्तिकेला टेकून उभे होते. तारीखपत्रकावर शेवटचा शिक्का १९९४ चा होता, कारण प्राध्यापकांना दिलेल्या पुस्तकांची नोंद वेगळ्या वहीत होत असे. ते पुस्तक बाहेर नेता येणार नाही, बसून वाचावे, असे मुलींना सांगण्यात आले. त्यांनी पाच वाजेपर्यंत बसून टिपणे काढली, आणि निघताना क्रमांक दुरुस्त करण्याविषयीचा अर्ज ग्रंथपालांकडे दिला. अर्जात कोणता क्रमांक सुचवावा, ८२२.३३ की ८९१.४६२, यावर दोघींचे एकमत झाले नाही. म्हणून दोन्ही लिहिले आहेत.